गाडीला वजन पाहिजे!

कंपनी बंद पडली की तिची एकेक वस्तू कुणी ना कुणी उचलून नेतं. लेथ मशिन दुसऱ्याच्या शेडमध्ये जातं, टेबल-खुर्च्या कुठल्यातरी पतसंस्थेत जातात, पाण्याचा कूलर संचालकांच्या घरी जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. ते आमच्यासारख्या पगारी माणसांच्या घरी येऊन पडतात आणि दरवर्षी वाढत जातात. मी आणि मिलिंद भेटलो की एक निघतो, त्याच्या शेपटीला धरून दुसरा. ऐकणारे पोट धरून हसतात. मला अजून हसू येत नाही. म्हणून लिहून काढते आहे. हसायचं असेल त्यांनी हसावं!

आधी थोडक्यात ओळख. आबासाहेब म्हणजे फौंड्रीवाले. कोल्हापुरात त्यांच्या ओतकामाला मान. तात्या म्हणजे त्यांचे चुलतभाऊ, ऑइल इंजिनवाले. आबा दिल्लीच्या प्रदर्शनात एक परदेशी गाडी बघून आले आणि १९९८ साली या दोघांनी ठरवलं, की विजेवर चालणारी कार कोल्हापुरात काढायची. मी तेव्हा नुकतीच इलेक्ट्रिकल इंजिनियर झाले होते. माझे वडील आबांच्याच फौंड्रीत वीस वर्षं स्टोअरकीपर. त्यामुळे नोकरीच्या पहिल्या दिवसापासून घरचा नियम एकच : "आबांना उलट बोलायचं नाही."

हा नियम मी जवळजवळ पाच वर्षं पाळला. त्याचा राग मला आबांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

*

माझी मुलाखत आबांनी भट्टीजवळ उभ्या-उभ्या घेतली. समोर दोन कास्टिंगं ठेवली आणि माझ्या हातात छोटा हातोडा दिला.

"वाजीव."

मी वाजवली. एक ठण्ण वाजलं, दुसरं जरा बद्द.

"कंचं चांगलं?"

"पहिलं. दुसऱ्याला आत कुठेतरी तडा असेल."

आबा खूश! तात्यांना म्हणाले, "स्टोअरकीपरची पोरगी हाय, पण कान हाय तिला."

मग मी माझी फाइल उघडली. त्यांना सांगितलं, की विजेच्या गाडीचा जीव बॅटरीत असतो. बॅटरीची बरीचशी ताकद गाडीचं स्वतःचं वजन ओढण्यातच जाते. म्हणून गाडी जेवढी हलकी, तेवढी एका चार्जिंगमध्ये लांब जाणार. बिडाचं ओतकाम तिच्यात जवळपास लागणारच नाही.

आबांनी हातोडा माझ्या हातातून काढून घेतला.

"मग कशाची करायची गाडी? पापडाची?"

तात्यांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, "घ्या हो तिला. बायकांची नजर बारीक असती, वायरी चांगल्या जोडंल."

चार वर्षांच्या डिग्रीवर मला नोकरी लागली ती अशी!

*

मिलिंद नेसरीकडचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा. वडील प्राथमिक शिक्षक. छप्पन सालापासून त्यांच्या घरात देव्हारा नाही, त्या जागी पुस्तकांचं कपाट आहे. बोलतो कमी, पण जे बोलतो ते समोरच्याला दोन दिवस पुरतं.

गाडीचा सांगाडा त्याने पातळ पाइपांचा केला. एक टोक त्याने धरलं, दुसरं मी, आणि आम्ही तो सांगाडा उचलून शेडभर मिरवला. तात्या दारात उभे होते. म्हणाले, "आमच्या म्हशीच्या गळ्यातलं लोढणं ह्येच्यापेक्षा जड असतंय!"

त्या सांगाड्यावर फायबरची बॉडी चढली. मोटर मागे, बॅटऱ्या सीटखाली, आणि मोटरला वीज किती सोडायची ते ठरवणारा कंट्रोलर माझा. वर्षभर घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून केलेला. आम्ही गाडीला 'पाकोळी' म्हणायचो. एका मंगळवारी सकाळी ती बाहेर काढली आणि हुपरीला दोन फेऱ्या मारल्या. शेवटच्या चढाला मी श्वास रोखून बसले होते. मिलिंद म्हणाला, "मॅडम, सोडा श्वास. तो धरून ठेवल्याने गाडी हलकी होत नाही."

त्र्याऐंशी किलोमीटर! एका चार्जिंगमध्ये! आम्ही ओरडतच गेटमधून आत आलो.

आबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. बोटाच्या पेराने दार वाजवलं. कान लावला. परत वाजवलं.

"बद्द वाजतीया," म्हणाले, आणि ऑफिसात निघून गेले.

त्या दिवशी मला आयुष्यात काय पाहिजे ते नक्की कळलं. पगारवाढ नको, केबिन नको. ही गाडी, अशीच, इतकीच हलकी, नंबरप्लेट लावून शहरातून जाताना बघायची. तिच्यात कुणीतरी अनोळखी माणूस बसलेला असावा, पोरांना शाळेत सोडायला निघालेला. बस्स.

पुढच्या मीटिंगमध्ये पाकोळीचं बारसं झालं. नाव ठेवलं 'गजराज'!

*

नावाला शोभायला पाहिजे म्हणून मग एकेक दागिना चढू लागला. आधी बिडाचा बंपर. का? तर "म्हस आडवी आली तर?" मग बिडाचे पेडल, वर कंपनीचं नाव उठावात. मग दारांची बिडाची बिजागरं, देवळाच्या दरवाजाला असतात तसली.

पण खरा कहर हुपरीच्या पाहुण्याने केला. हे गृहस्थ चांदीचे व्यापारी, मोठं गिऱ्हाईक, चार गाड्या घेऊ म्हणणारे. त्यांना मी गाडी फिरवून दाखवली. त्यांचं पहिलं म्हणणं असं, की "आवाजच न्हाय! मग गाडी दारात आली ह्ये शेजाऱ्याला कळायचं कसं?" तेही ठीक. पण जाताजाता त्यांनी बॉनेट उघडलं. आत काय असणार? मोटर मागे. पुढे स्टेपनी आणि मोकळी जागा.

पाहुणे वाकून बघत राहिले. मग आबांकडे वळले आणि हळूच, सहानुभूतीने म्हणाले, "आबा, इंजिन चोरीला गेलंय व्हय?"

आबांचा चेहरा असा झाला, की मला क्षणभर त्यांची दया आली. ती माझी चूक.

तिसऱ्या आठवड्यात तात्यांच्या कारखान्यातून एक लाकडी साचा आला, आबांच्या भट्टीत त्यात बीड ओतलं गेलं, आणि गजराजच्या बॉनेटखाली इंजिन बसलं. नकली! आत पोकळसुद्धा नाही, भरीव! दोन सिलिंडर, थंड व्हायला वरून पंख, बाजूला खोटा पाइप, चंदेरी रंग. चार माणसांनी उचलून आत ठेवलं. मी खरं सांगते, काम इतकं देखणं होतं, की कुठल्याही ऑइल इंजिनवाल्याला वाटलं असतं, हँडल मारावं आणि सुरू करावं.

"याचा उपयोग काय?" मी विचारलं.

तात्या माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिले, जणू मी विचारलं होतं, की माणसाला नाक कशाला.

"बॉनेट उघडल्यावर कायतरी दिसाय नको?"

*

मी रीतसर अभ्यास करायचं ठरवलं. एकेक भाग चढवल्यावर गाडी किती पळते ते मोजलं. बंपर लावून एकदा, पेडल लावून एकदा, बिजागरं लावून एकदा, इंजिन, म्हणजे ते ध्यान, ठेवून एकदा. त्याचा आलेख काढला. मोठ्या कागदावर, लाल शाईने. त्र्याऐंशीपासून निघालेली रेघ घसरत घसरत चाळिशीच्या खाली गेलेली. शाळेतल्या पोरालाही कळावं असा.

संचालकांच्या मीटिंगमध्ये तो टेबलावर पसरला आणि सगळं समजावून सांगितलं. शेवटी मी म्हणाले, "आबा, आपण गाडी विकतोय की बीड?"

आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा लावला. कागद उचलला, उलटा केला आणि माझ्यासमोर सरकवला.

"हं. आता बघ. वर चाललीया का न्हाय?"

सगळे खदखदून हसले. चहा आला. मीटिंग संपली.

*

खंडेनवमीला कंपनीत पूजा. दरवर्षी अवजारांची असते, त्या वर्षी गजराजची. मांडव घातला, झेंडूची तोरणं लावली, गावातली मोठी माणसं बोलावली. आबांनी भाषण केलं. ज्यांनी ज्यांनी गाडीला हातभार लावला त्यांची नावं घेतली. त्यात बँकेचे मॅनेजर होते, मांडववाले होते, आणि तात्यांच्या सूनबाई होत्या, कारण रंग त्यांनी निवडला होता! मिलिंद नव्हता.

गाडीजवळ जायची वेळ आली तेव्हा तात्या त्याला म्हणाले, "मिलिंद, तू जरा आत बॅटऱ्यांचं चार्जिंग बघ जा."

आत चार्जिंगला एकही बॅटरी नव्हती. सगळ्या गाडीत होत्या. ज्याच्या हातून गाडी उभी राहिली, त्याचा हात त्या दिवशी तिला लागू नये असं कुणालातरी वाटत होतं. तसं कुणी बोललं नाही. बोललं असतं तर भांडता आलं असतं! मिलिंद आत गेला नाही. मांडवाच्या कडेला हाताची घडी घालून उभा राहिला. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तेवढंच मला जमलं.

नारळ फुटला. गाडी चालवायचा मान तात्यांचा. बसले, चावी फिरवली. अर्थातच आवाज नाही. परत फिरवली, परत नाही. तिसऱ्यांदा फिरवली आणि ऑइल इंजिनला देतात तसा जोर द्यावा म्हणून पेडल पार खाली दाबलं. गजराज जो सुटला तो पाट, कलश, केळीचे खांब घेऊन थेट मांडवाच्या मधल्या खांबाला भिडला. वरची कनात अलगद सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर!

कनातीखालून तात्यांचा आवाज आला, "मिलिंद! वायर उलटी जोडलीस व्हय रं?"

मिलिंदने आधी कनात उचलली, त्यांना हात धरून बाहेर काढलं, अंगावरचा गुलाल झटकला. मग म्हणाला, "तात्या, गाडी तुमचं बरोबर ऐकत होती. तुम्हीच तिचं ऐकून घेत नव्हता."

*

गाडी रस्त्यावर विकायची तर पुण्याला तपासणी करून सर्टिफिकेट आणावं लागतं. आपण कागदावर जे लिहून देतो तेवढं गाडीने पळून दाखवायचं. कागदावर आबांनी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : ऐंशी किलोमीटर. मी म्हटलं, "आबा, सध्या ती चाळीसही जात नाही." आबा म्हणाले, "पुण्याचं रस्तं सपाट हायती."

तपासणी अधिकारी मितभाषी होते. त्यांनी गाडी पायरीपायरीने बघितली आणि बॉनेट उघडलं. बराच वेळ आत बघत राहिले. खाली वाकून बघितलं. एक वायर शोधली, ती सापडली नाही.

"हे काय करतं?"

मी जमिनीकडे बघत होते. आबांनी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "शोभा."

त्यांनी वहीत काय लिहिलं ते मला अजून माहीत नाही. गाडी ट्रॅकवर गेली. अडतिसाव्या किलोमीटरला थकलेल्या बैलासारखी उभी राहिली. तिला ओढून आणलं. अधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "डिझाइन कुणाचं आहे?"

एवढी वर्षं कुठल्या कागदावर माझं नाव आलं नव्हतं. भाषणात नाही, माहितीपत्रकात नाही, पेपरातल्या फोटोत नाही. त्या दिवशी आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला पुढे केलं.

"हिचं. सगळं हिचंच डोकं!"

*

परत आल्यावर तात्या म्हणाले, "शिकल्याल्या माणसांवर इस्वास ठेवला, ही चूक झाली." दुसऱ्या तपासणीला तीन महिन्यांची मुदत होती. "आता तूच निस्तर."

आणि नशीब बघा, त्याच वेळी साखर कारखान्याची निवडणूक लागली. दोघंही एकाच पॅनेलमध्ये. सकाळी गावं, संध्याकाळी बैठका. शेडकडे फिरकायला कुणाला सवड नाही. कंपनीच्या आयुष्यातले ते सगळ्यात शहाणे तीन महिने!

मी आणि मिलिंदने गाडी पुन्हा सगळी उघडली. बंपर काढला. पेडल काढले. बिजागरं काढली. ते भरीव इंजिन काढताना दोरी तुटली आणि ते जमिनीवर असं आदळलं, की फरशीला खड्डा पडला. मी पुण्याला गेले ती आमची पाकोळी घेऊन. या वेळी आबा प्रचारात होते. ट्रॅकवर अधिकाऱ्यांनी बॉनेट उघडलं, रिकामी जागा बघितली आणि प्रथमच हसले. गाडी शहाऐंशी किलोमीटर गेली. त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. गाडी ट्रकने पाठवून येताना कात्रजच्या घाटात मी एसटीत खिडकीशी बसून रडले, आणि मी सहसा रडत नाही.

सर्टिफिकेटला चौकट झाली. आबांनी पेढे वाटले. सगळ्यांनी ते भिंतीवर सरळ लागलंय ना, ते डोळे बारीक करून बघितलं. आणि तात्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले,

"झाक झालं! सर्टिफिकेट आलं न्हवं? आता घाला की सगळं परत!"

*

मी त्या दिवशी घरचा नियम मोडला. आबांना उलट बोलले. सगळ्यांसमोर. म्हटलं, हे सर्टिफिकेट त्या गाडीचं आहे जी आम्ही नेली होती. वजन वाढवून दुसरीच गाडी त्या कागदावर विकणं म्हणजे फसवणूक आहे.

आबा चिडले नाहीत. तेच तर सहन होत नाही, ही माणसं चिडतसुद्धा नाहीत! म्हणाले, "शोभंचं वजन धरत न्हाईत, पोरी. नवरीचं वजन सांगताना दागिनं धरत्यात व्हय?"

मी राजीनामा लिहिला. संध्याकाळी घरी गेले तर वडील बाहेर गेलेले. तासाभराने आले. टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "जाऊन आलो आबांकडे. तुझ्या वतीने माफी मागितली. उद्या वेळेवर जा."

मला न विचारता! मी सव्वीस वर्षांची, इंजिनियर, आणि माझी माफी दुसराच कुणीतरी मागून आला!

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही. इथे लिहिली.

*

गजराज विकला गेला. एकूण एकोणीस. गगनबावड्याच्या एका डॉक्टरबाईंनी घ्यायच्या आधी फोन केला होता. दवाखाना तिकडे, घर कोल्हापुरात. अंतर पंचावन्न किलोमीटर. फोन माझ्या टेबलावर, आबा समोरच्या खुर्चीत.

"मॅडम, तुम्ही बाई आहात, तुम्हीच सांगा. खरंच ऐंशी जाते का?"

मी म्हणाले, "तपासणीत गेली आहे."

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच ते मला जास्त टोचतं.

श्रावणातला एक दिवस. त्या बाजूला चार दिवस झड लागलेली. दुपारी गेटवर ट्रॅक्टर आला. मागे साखळीने बांधलेला, चिखलाने माखलेला गजराज, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर भिजून चिंब डॉक्टरबाई. त्या पहाटे बाळंतपणाच्या केसला निघाल्या होत्या. गाडी अर्ध्यात थांबली. पुढे त्या दुधाच्या टेम्पोतून गेल्या. केस सुखरूप झाली, पण ती त्यांच्यामुळे नव्हे, गावातल्या सुईणीमुळे.

त्या खाली उतरल्या. माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आबा छत्री घेऊन बाहेर आले. गाडीभोवती फिरले. पुढे वाकले, साखळी बांधली होती तिथे हात लावून बघितला आणि अभिमानाने मागे वळले.

"एवढ्या लांबनं वढून आणली, पण बंपर जाग्यावरनं हलला न्हाय बघा!"

*

एक एक करत सतरा गाड्या परत आल्या. दोन आल्या नाहीत. त्यातल्या एकीत कुणीतरी कोंबड्या पाळल्या आहेत असं ऐकलं. २००४ साली कंपनी बंद झाली. मिलिंदला पुण्यात चांगली नोकरी लागली, मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागले. शेड रिकामी करायची होती, म्हणून आबांनी एके दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. निरोप मलाही आला. मिलिंद मुद्दाम रजा काढून आला.

बॅटऱ्या आधीच काढून नेल्या होत्या. गाड्या ढकलतच एमआयडीसीच्या वजनकाट्यावर न्यायच्या. एकेका गजराजला आठ माणसं लागत होती. काटेवाला आतून आकडा ओरडायचा, आणि प्रत्येक आकड्याला भंगारवाला मान डोलवायचा. "माल हाय आबा, माल हाय!" त्या दिवशी बिडाला भाव बरा होता. तात्या खुर्ची टाकून बसले होते. उसाचा रस पिऊन झाला. सगळं कसं लग्नघरासारखं चाललं होतं.

शेवटी राहिली ती पाकोळी. पुण्याला पास झालेली. तिला मागे कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवली होती, कुणी काही चढवलं नव्हतं.

मी आबांजवळ गेले. म्हटलं, "ही मला द्या. जो भाव होईल तो देते."

"तू काय करणार हिचं?"

"पोरांना शिकवीन. उघडून दाखवीन."

"बघू की. आधी रीतीपरमानं काट्यावर घाल."

माणसं पुढे आली. मिलिंदने त्यांना हाताने थांबवलं. तो मागून लागला, मी स्टिअरिंगला हात लावून बाजूने चालत राहिले. गाडी सरळ गेली आणि काट्याच्या मधोमध थांबली.

काटेवाल्याने आकडा सांगितला. भंगारवाल्याला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तो आत जाऊन स्वतः बघून आला. गाडीला पायाने हलकेच ढोसलं.

"ह्यात काय न्हाय ओ आबा. नुसतं फायबर. ही ऱ्हाऊ द्या, गाडीभाडंबी सुटायचं न्हाय."

आबा उठले. काठी टेकत काट्यापर्यंत आले. आता थकले होते. सगळी माणसं बघत होती. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अगदी मायेने, जसा माझ्या लहानपणी फौंड्रीच्या गेटवर ठेवायचे तसा.

"बघ, पोरी," म्हणाले, "पाच वरसं तुला ह्येच सांगत हुतो. शेवटी भाव कशाला आला? वजनालाच की!"